फाशी टाळून कबुली घ्यावी का? ग्वांतानामोच्या करारावरून

गोदाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "अतिरेक्याशी करार म्हणजे मेलेल्यांशी गद्दारी." राहवलं नाही म्हणून लिहितोय. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात ठेवलेला खालिद शेख मोहम्मद आणि त्याचे दोन साथीदार तो कट कबूल करणार, बदल्यात फाशीऐवजी जन्मठेप, असा करार जुलै २०२४ मध्ये झाला. दोन दिवसांत अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी तो मागे घेतला. लष्करी न्यायाधीशाने वैध ठरवला, जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी रद्द केला. खालिद २००३ पासून कोठडीत आहे आणि खटला अजून उभा नाही. सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने त्याला १८३ वेळा पाणी ओतून गुदमरवलं. त्यानंतरचा कुठला जबाब कोर्टात टिकेल, याच वादात वर्षं गेली. करारात आरोपींनी मृतांच्या नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती. तेही गेलं. मग गद्दारी कोणी केली?

देवळालीकर:
साहेब, कसाबशी आपण करार केला का? नोव्हेंबर २००८ मध्ये जिवंत पकडला, वकील दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत केस नेली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली. चार वर्षांत. अमेरिकेने छळ करून स्वतःची केस नासवली, त्याचा फायदा आरोपीला का? करार काय असतो ते हेडलीने दाखवलंय. २६/११ च्या मुंबई हल्ल्यासाठी ताजची, सीएसटीची रेकी करणारा हा माणूस. २०१० मध्ये शिकागोत गुन्हा कबूल केला आणि फाशीही टळली, भारताच्या ताब्यात येणंही टळलं. ३५ वर्षांची कैद. १६६ जीव गेले आपले. मी फौजेत होतो, माझं रक्त खवळतं.

वकीलताई_सीबीएस:
दादा, हेडलीचा राग मलाही आहे. पण डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्यालाच माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारीत व्हिडिओवरून त्याची साक्ष घेतली. आपल्या सरकार पक्षालाच ती हवी होती. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेणं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे, पण माफीचा साक्षीदार फाशीच्या गुन्ह्यातही चालतो. तडजोड आपणही करतो, दुसऱ्या आरोपीला अडकवण्यासाठी.

पंचवटीकर:
सगळं मूळ तारखांत आहे! आमचा बांधाचा दावा आजोबांनी लावला. वडील गेले, आता मी फाइल घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असतो. पुकारा होतो, समोरचा वकील हजर नसतो, पुढची तारीख. बांधाचं हे हाल, तर अतिरेक्याच्या खटल्याचं काय विचारता.

मालेगावकर:
तारखांचं आम्हाला सांगू नका, भाऊ. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान. स्फोटानंतर आमच्याच गावची माणसं धरली. नऊ आरोपी, मोक्का, पोलिसांनी घेतलेले कबुलीजबाब. २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. आमच्या ओळखीच्या एका घरात लूम बंद पडले, पोरीचं लग्न मोडलं. त्या कोठडीत कोणी म्हटलं असतं, "सही कर, फाशी टळेल", तर किती जणांनी केली असती? गोदाकाठ, तुमच्या कराराचं हेच भय वाटतं मला.

देवळालीकर:
विषय ग्वांतानामोचा आहे. मालेगाव कशाला मध्ये?

मालेगावकर:
कारण मालेगाव आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे! २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकातल्या स्फोटात सहा माणसं मेली. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. त्या सहा घरांनी कोणाला विचारायचं? तुम्हाला फाशीची तारीख पाठ आहे, यांची नाही.

देवळालीकर:
मला जातीयवादी ठरवू नका. मेलेला माणूस कुठलाही असो, मला सारखाच आहे.

वकीलताई_सीबीएस:
दोघंही शांत व्हा. जुलै २०२५ या एकाच महिन्यात तीन निकाल आले. अमेरिकेतला, मालेगावचा आणि २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा. लोकलच्या केसमध्ये हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं, त्यांतल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी दिली होती. पुढे सुप्रीम कोर्टाने इतर खटल्यांत त्या निकालाचा दाखला देण्याला स्थगिती दिली. पण हायकोर्टाला ते कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत, हे विसरू नका. मारून घेतलेली कबुली आणि वकिलाशेजारी बसून, न्यायाधीशासमोर दिलेली कबुली यांत फरक करायलाच हवा.

सिडकोची_मावशी:
माझा भाचा ११ जुलै २००६ ला फर्स्ट क्लासच्या डब्यात होता. वाचला. एका कानाने ऐकू येत नाही. निकालाच्या दिवशी टीव्ही बंद केला आणि मला म्हणाला, "मग बॉम्ब ठेवला कोणी?" फाशी होवो न होवो, त्याला एवढंच हवंय.

देवळालीकर:
मावशी, तुमच्यापुढे वाद घालत नाही. उत्तर मिळायला हवं, हे मान्य. मारून घेतलेल्या सहीवर फाशी नको, हेही मान्य, मालेगावकरांसाठी. पण सूत्रधाराने स्वतःहून कबुली दिली म्हणून त्याची फाशी माफ करायची, हे मला आजही पटत नाही.

गोदाकाठ:
नका पटवून घेऊ. पण त्याचा जबाब टिकत नाही, खटला उभा राहत नाही आणि करारही नको, तर न्यूयॉर्कमधल्या त्या नातेवाइकांना उत्तर कोणत्या मार्गाने मिळणार, तेवढं लिहा.