जुनी जिप्सी, पुणे ते लेह : आधी रबर बघा

तुमची १९९८ची कार्बोरेटरवाली जिप्सी मनालीमार्गे लेहला जाणार, हे वाचून फार आनंद झाला. पण कॅरियर आणि जादा दिव्यांचा खर्च तूर्त थांबवा. जुन्या गाडीत आधी दगा देतं ते रबर. रेडिएटरचे होज (पाण्याच्या रबरी नळ्या), फॅन बेल्ट, ब्रेकच्या लवचीक नळ्या सरसकट नव्या घाला, वरून चांगल्या दिसल्या तरी. माझा होज कसारा घाटात फुटला होता, आणि आदल्याच दिवशी मी तो दाबून 'ठीक आहे' म्हटलं होतं.

ब्रेक ऑइलही पूर्ण बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर उकळून पेडल पोकळ होतं, म्हणजे दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. सस्पेन्शनच्या पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरं) आणि चाकांच्या हबचं ग्रीस मिस्त्रीसमोर उभं राहून तपासा.

टाकी ४० लिटरची. मनालीच्या पुढे लागणाऱ्या तांदी गावच्या पंपानंतर लेह साधारण ३६५ किलोमीटर. भरलेली गाडी चढावर लिटरला दहासुद्धा देणार नाही, त्यामुळे २० लिटरचा लोखंडी कॅन हवाच. वर विरळ हवेत कार्बोरेटरच्या हवा-पेट्रोल मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन काळा धूर येईल, गाडी दमेल. घाबरू नका, खालच्या गिअरमध्ये शांत चढवा. निघण्याआधी एकदा चाचणी म्हणून महाबळेश्वरला पूर्ण सामानासह जाऊन या.