'ॲट फिलमोर ईस्ट' बसवताना जॅम लांबट का वाटतो?

सहातारी (नागपूर)
मंडळी, ऑलमन ब्रदर्स बँडचा १९७१ चा 'ॲट फिलमोर ईस्ट' आम्ही चौघं बसवून राहिलो आहोत. दोन गिटार, बेस, एकच ड्रमर. ऑर्गन नाही. सूर बरोबर लागतात, पण दहा मिनिटांचा जॅमही (गाण्याच्या मधलं उत्स्फूर्त वादन) ऐकायला लांबट होतो. रेकॉर्डवर मात्र 'यू डोन्ट लव्ह मी' एकोणीस मिनिटं चालतं आणि घड्याळाकडे लक्षही जात नाही. इतक्या वर्षांनी लोक हा अल्बम पुन्हा पुन्हा लावतात ते नेमकं कशासाठी? सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी? 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या फेरीतच घसरते. आणि या उन्हात स्लाइडची (बोटात काचेची नळी घालून वाजवायची) गिटार सुरात कशी ठेवायची?

खालचा_सूर
हा जॅम मोकाट नाही, म्हणून तो टिकला. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात हे कार्यक्रम रेकॉर्ड होत होते, तेव्हा निर्माता टॉम डाऊड आणि बँड रात्री कार्यक्रम संपला की स्टुडिओत जाऊन टेप ऐकायचे. काय जमलं, काय पुन्हा वाजवायचं, हे तिथेच ठरायचं. गिटारवादक डुएन ऑलमनने हॉर्न (सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं) वाजवणारेही मंचावर आणले होते. डाऊडने ते काढायला लावले. 'स्टॉर्मी मंडे'मधला माउथ ऑर्गनचा सोलो मूळ रेकॉर्डवर नाही, १९९२ च्या 'द फिलमोर कॉन्सर्ट्स'मध्ये तो परत जोडला. दोन्ही लागोपाठ ऐका. सोलो चांगलाच आहे, पण तो नसल्यामुळे गाण्याची पकड कुठेच सुटत नाही. एवढी काटछाट करायला धाडस लागतं.

तुमच्यासाठी उपाय: तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याच रात्री ऐका आणि जिथे अर्धा मिनिट कोणीच काही बदललं नाही ती वेळ लिहून ठेवा. लांबट वाटतं ते तिथेच. प्रत्येक सोलोसाठी तीन खुणा आधी ठरवा: आत कसं यायचं, आवाज कुठे चढवायचा, बाहेर कोणत्या वाक्यावर पडायचं. सोलो सुरू करताना गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर ठेवा. सुरुवातीलाच १० वर असाल तर पुढे चढायला जागाच उरत नाही.

एक गिटारवाला सोलो वाजवत असताना दुसऱ्याने वरच्या तीन (पातळ) तारांवर तोकडे कॉर्ड द्यावेत, तेही मोजके. दोघंही खालच्या तारांवर बसले तर बेस बुडतो, आणि या अल्बममध्ये बेरी ओक्लीचा बेस नुसता आधार देत नाही, तो स्वतःची वेगळी चाल रचतो. आणि शांततेला घाबरू नका. 'यू डोन्ट लव्ह मी'त मधोमध सगळे थांबतात आणि डुएन एकटा वाजवतो. बँड परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो त्या रिकाम्या जागेमुळे.

सुरुवात 'स्टॉर्मी मंडे'पासून करा. संथ आहे, बारा बारचं (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) आहे, लपायला जागा नाही. त्यानंतर 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. ते ए डोरियन या स्वरमालेत आहे, म्हणजे एफच्या जागी एफ शार्प. सवयीने साधा एफ लागला की रंगच जातो. दोन गिटारची जोडधून बसवताना प्रत्येक सुरावर सारखंच अंतर धरू नका. ए वर सी येतो, ते अंतर तीन अर्धस्वरांचं. सी वर ई येतो, तिथे चार. दुसऱ्याने आपली ओळ स्वतंत्र धून म्हणून पाठ करावी आणि दोघांचा व्हायब्रॅटो (सुराचं कंपन) सारख्याच रुंदीचा ठेवावा.

ठेका_अकरा
'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात ११ मात्रांची आहे: ३+३+३+२. गायला सुरुवात झाली की ते १२ चं होतं. घसरतं ते याचमुळे, हाताला १२ ची सवय असते आणि शेवटच्या २ ला तो नकळत तिसरी मात्रा जोडतो. वाद्यं खाली ठेवा आणि टाळी देत 'एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन' म्हणा. आपल्याकडे समेवर येण्याची सवय असतेच, तीच इथे वापरा: शेवटचा 'दोन' संपला की लगेच सम, मध्ये श्वास नाही. बेस एकट्याने सुरू करतो, म्हणून आधी फक्त बेसवाल्याने दहा फेऱ्या न चुकता वाजवाव्यात. मग ड्रम. गिटार सगळ्यात शेवटी.

रेकॉर्डवर बुच ट्रक्स आणि जेमो असे दोन ड्रमर आहेत. दोघांचं काम एकट्याच्या अंगावर टाकू नका. ट्रक्सची सरळ धाव धरा, जेमोची नक्षी सोडून द्या. कोणी कोंगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) वाजवणारं मिळालं तर उत्तम.

काच_अनामिकेत
डुएन स्लाइडसाठी ओपन ई (तारा न दाबताच ई कॉर्ड देणारी जुळणी) लावायचा: ई बी ई जी# बी ई. म्हणजे ए आणि डी या तारा एकेक पूर्ण स्वर वर, जी अर्धा स्वर वर. ताण वाढतो, म्हणून अकूस्टिकवर हे करू नका. तिथे ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरची धातूची पट्टी) कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा). 'स्टेट्सबरो ब्लूज' ऐकू येतं ते डी मध्ये, म्हणून घर (मूळ सूर) दहाव्या फ्रेटवर. बारावा धराल तर रेकॉर्डशी जुळणार नाही.

काच फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, मागे राहिली की सूर उतरतो. काचेच्या मागे तर्जनी हलकी टेकवा, नाहीतर खरखर येते. डुएन स्लाइडला पिक (तार छेडायची चकती) न घेता बोटांनी वाजवायचा, त्यामुळे न वाजणाऱ्या तारा उजव्या हातानेच दाबल्या जातात. स्वच्छ आवाजाचं अर्धं काम तिथेच होतं.

मे महिन्यात ४५ अंशांत तार तापून सैल होते, सूर उतरतो. त्यात कूलर समोर असेल तर ओल्या हवेने लाकूड फुगतं, नेक वाकते, ॲक्शन (तारांची उंची) वर जाते आणि तारा गंजतात. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. तालमीच्या खोलीत आणून अर्धा तास पेटीतच राहू द्या, मग ट्यून करा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा.

सहातारी (नागपूर)
सगळ्यांचे आभार. टाळीचं आजच करतो. ऑर्गनशिवाय 'स्टॉर्मी मंडे' पोकळ होईल का?

खालचा_सूर
एक गिटार ऑर्गनच्या जागी धरा. गाणं जी मध्ये आहे. सातव्या बारपासून एकेका बारला जी७–ए मायनर ७, बी मायनर ७–बी फ्लॅट मायनर ७, ए मायनर ७, सी मायनर ७ अशी कॉर्डची साखळी येते. ती वरच्या चार तारांवर, कॉर्ड पूर्ण लांबीभर धरून वाजवा, झणका मारू नका. ट्रेमोलो (आवाज कमी-जास्त करणारा इफेक्ट) असेल तर अगदी संथ. दुसऱ्याने तेवढा वेळ कॉर्ड अजिबात वाजवायचे नाहीत.