डॅलसची सनद: पाद्र्यांना नियम, बिशपांचं काय?

कॅथलिक पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "नियम केले, दोषी पाद्री काढले, चर्चने अजून काय करायचं?" नियम चांगलेच आहेत. बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने जानेवारी २००२ मध्ये हे अत्याचार बाहेर काढल्यावर अमेरिकेतल्या बिशपांनी (धर्मप्रांतांच्या प्रमुखांनी) जूनमध्ये डॅलस शहरात सनद मंजूर केली. अल्पवयीनावर अत्याचाराचा आरोप आला की सरकारी यंत्रणेला कळवायचं, आणि एक गुन्हा जरी सिद्ध झाला तरी सेवाकार्यातून कायमचं बाहेर. प्रत्येक धर्मप्रांतात सल्लागार मंडळ, त्यातले बहुसंख्य लोक पाद्री नसलेले आणि धर्मप्रांताच्या नोकरीतही नसलेले. (हा शेवटचा भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.)

पण ही शिक्षा पाद्री आणि डीकन (पाद्र्यांच्या खालच्या पायरीचे धर्मसेवक) यांच्यापुरती. ज्यांनी त्यांना गुपचूप एका पॅरिशमधून (स्थानिक चर्चमधून) दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं, त्या बिशपांचं काय? बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांनी डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला आणि २००४ मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेचे प्रमुख झाले! बिशपांनी प्रकरण दडपलं तर तक्रार कशी करायची, याची जगभरासाठी पद्धत यायला २०१९ उजाडलं.

आणि भारतात पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ खाली असा गुन्हा पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. त्यातून बिशपांनाही सूट नाही.