वर्गाशेजारची रिकामी खोली मिळाली आहे, मुलांना हातानं काम करता येईल अशी कशी मांडू?

खिडकीपाशी
नमस्कार. मी सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. शाळेतली अडगळीची खोली रिकामी झाली आणि मुख्याध्यापकांनी ती माझ्या हवाली केली. "मुलांसाठी काहीतरी छान करा" एवढंच म्हणाले. खोली साधारण ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद. दक्षिणेला आणि पश्चिमेला एकेक खिडकी. नळ आत नाही, बाहेर व्हरांड्यात आहे. एका वर्गात ४२ मुलं, तास ४० मिनिटांचा.

डोक्यात बरंच काही आहे: भिंतभर सूर्यमाला, शास्त्रज्ञांची चित्रं, रंगीत गोल टेबलं. पण खर्च एकदाच करता येणार आहे, म्हणून विचारून करते आहे. ज्यांनी अशी खोली स्वतः चालवली आहे त्यांनी सांगा, आधी काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये? पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतील असे प्रकल्पही सुचवा. फक्त तो फेसाळणारा ज्वालामुखी नको. तो दर वर्षी होतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि ज्वालामुखी का होतो ते एकालाही सांगता येत नाही.

रंधा
ताई, अभिनंदन. मी बावीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, त्यातून सांगतो. सगळ्यात आधी अर्धवट कामं ठेवायची जागा करा. टेबलं, रंग, चित्रं सगळं नंतर.

कारण सांगतो. ४० मिनिटांच्या तासात पहिली आठ-दहा मिनिटं सामान काढण्यात जातात, शेवटची दहा आवरण्यात. मधे उरतात वीस. तास संपला की केलेलं मोडून टेबल मोकळं करायचं असेल, तर मुलं वीस मिनिटांत संपेल असंच काहीतरी निवडतात. तुमचा ज्वालामुखी दर वर्षी परत येतो तो त्यामुळेच, तो एका तासात संपतो. पूल, घड्याळ, पवनचक्की या गोष्टी आज अडतात, रात्रभर मुलाच्या डोक्यात राहतात आणि उद्या सुटतात. पण त्यासाठी उद्या ती वस्तू तशीच्या तशी सापडली पाहिजे.

चार-पाच जणांच्या गटाला एक ट्रे. ४२ मुलांचे नऊ-दहा गट होतील, म्हणजे दोन वर्गांना वीस ट्रे आणि ते सरकवायला भिंतीला एक रॅक. ट्रेला काठ उंच हवा, नाहीतर स्क्रू घरंगळतात. दोन खणांमध्ये एक वीतभर तरी अंतर ठेवा, मुलांची कामं उंचीनं वाढतात.

गोल टेबलं मात्र घेऊ नका. एकमेकांना जोडता येत नाहीत आणि काठाला सी-क्लॅम्प, म्हणजे लाकूड टेबलाला घट्ट धरणारा शिकंजा, नीट बसत नाही. साधी, आयताकृती, जड टेबलं घ्या. उंची अशी की मूल उभं राहिलं तर पृष्ठभाग त्याच्या कोपराच्या जरा खाली येईल. खुर्च्या निम्म्याच ठेवल्या तरी चालतील, करवत बसून चालवता येत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागोमध्ये आपली प्रयोगशाळा-शाळा सुरू केली, तेव्हाची गोष्ट आहे. ते मुलांसाठी टेबलं शोधत फिरत होते आणि मनासारखं काही मिळेना. शेवटी एका विक्रेत्यानंच त्यांना सांगितलं की तुम्हाला मुलांनी काम करायची टेबलं हवी आहेत, आणि आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी बनवलेली आहेत. खरेदीला जाताना एवढं लक्षात ठेवा.

हत्यारं खरी घ्या, थोडी घ्या. धार गेलेली करवत धारेच्या करवतीपेक्षा धोक्याची, कारण मूल जोर लावतं आणि हात निसटतो. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून ठेवा. घंटा व्हायच्या आत कोणती जागा रिकामी आहे ते लांबूनही दिसतं. सुरक्षा चष्मे हत्यार चालवणाऱ्या प्रत्येकासाठी, यात काटकसर नको.

रेघोटी
रंधाकाकांनी रॅकचं लिहिलं त्याला पूर्ण अनुमोदन. मी भिंतींबद्दल लिहिते, कारण मी स्वतः एकदा चार भिंती तक्त्यांनी भरल्या होत्या आणि नंतर एकेक करून उतरवल्या.

२०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना सहा धडे शिकवले, काही भरगच्च सजवलेल्या वर्गात, काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि ती शिकलीही कमी. तुमची मुलं मोठी आहेत, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होईल असं म्हणत नाही. पण २०१५ साली इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठानं २७ प्राथमिक शाळांतले १५३ वर्ग तपासले. त्यातही भिंती ना अगदी कोऱ्या ना अगदी गच्च, असंच बरं दिसलं. आणि सगळ्यात वरचढ ठरलं ते उजेड, हवा आणि तापमान. तेव्हा ताई, पहिला खर्च त्या दोन खिडक्या सहज उघडतील-मिटतील यावर करा. मग रॅक.

भिंतीवर काय, तर सुरुवातीला काहीच नाही. इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या बालशाळांमध्ये, जिथे लोरिस मालागुझ्झी यांनी काम उभं केलं, वातावरणाला तिसरा शिक्षक मानतात. तिथे भिंतीवर मुलांच्या कामाचा प्रवास लागतो: पहिलं चित्र, फसलेला प्रयत्न, मूल त्या वेळी काय म्हणालं ते वाक्य. तयार तक्ता मुलं आठवड्यात पाहायची थांबतात. स्वतःचं फसलेलं चित्र आणि त्याखाली स्वतःचं वाक्य असेल तर इतर मुलांना ओढून आणून दाखवतात. मी हे रोज बघते.

झरोका
पश्चिमेच्या खिडकीला काही चिकटवू नका, तिथेच तुमचा पहिला प्रकल्प आहे.

छोटा आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवून मधोमध ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. भोक गोल नको, त्रिकोणी कापा. दुपारनंतर आरसा बाहेर उन्हात स्टुलावर ठेवून कवडसा उघड्या दारातून किंवा खिडकीतून खोलीतल्या भिंतीवर पाडा. बाकी खोली शक्य तितकी अंधारी. मुलांना आधी आरशापासून वीतभर अंतरावर कागद धरून कवडसा बघू द्या: त्रिकोण. मग वीसेक मीटरवरच्या भिंतीवर: स्वच्छ गोल. इथे गप्प राहा. त्रिकोणाचा गोल का झाला यावर मुलांना भांडू द्या. तो गोल भोकाचा नाही, सूर्याचा आहे, हे ज्या मुलाच्या तोंडून पहिल्यांदा निघतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पुढे गणित. आरसा भिंतीपासून २० मीटरवर असेल तर गोलाचा व्यास साधारण साडेअठरा सेंटीमीटर येतो. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे एवढं सांगायचं आणि त्रैराशिक मांडायला लावायचं. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास निघतो, खरा आकडा १३.९ लाख आहे. सहावीतलं मूल मीटरपट्टीनं सूर्य मोजतं, यापेक्षा मोठी गोष्ट मला शाळेत करता आली नाही.

आणखी एक: गोल भिंतीवरून सरकत राहतो, जवळजवळ दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. मुलं म्हणतात आरसा हलला. आरसा घट्ट बसवा, परत बघा. हलते ती पृथ्वी.

सूर्याकडे किंवा आरशात थेट बघायचं नाही, हे आधी सांगा आणि आरसा तुम्ही स्वतः लावा. कवडसा माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाणार नाही असा न्या.

फूटपट्टी
सगळे सल्ले चांगले आहेत, पण एक काळजी मांडते. आमच्याकडे अशी खोली दोन वर्षं चालली. मुलं आनंदात होती. मग मी साधे प्रश्न विचारले, लंबकाचा काळ कशावर अवलंबून असतो वगैरे, तर निम्म्या मुलांना "आम्ही दोऱ्याला नट बांधला होता" एवढंच आठवत होतं.

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ साली एक लेख लिहिला होता. त्यातला मुद्दा असा की नवशिक्याला फार कमी मार्गदर्शन देऊन मोकळं सोडलं, तर शोधाशोध करण्यातच त्याच्या मनाची ताकद खर्च होते आणि शिकायला काही उरत नाही. माझ्या वर्गात हेच झालं असं मला वाटतं. खोली बंद करा असं म्हणत नाही. पण "मुलांना करू द्या, आपोआप कळेल" यावर विसंबू नका.

झरोका
फूटपट्टीताई, बरोबर आहे तुमचं. वर मी "गप्प राहा" लिहिलं ते पाच मिनिटांपुरतं. त्यानंतर फळ्यावर आकृती काढून किरण दाखवावेच लागतात.

लंबकाला मी असं करतो. दोरा टांगण्याआधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा: जड वजन लावलं तर झोके लवकर होतील, उशिरा, की तेवढ्याच वेळात? लिहिल्याशिवाय दोरा मिळत नाही. बहुतेक मुलं "लवकर" लिहितात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधी फक्त वजन, मग फक्त लांबी. २५ सेंटीमीटरच्या लंबकाला जाऊन-येऊन जवळपास १ सेकंद लागतो, १ मीटरच्याला २ सेकंद. दहा झोक्यांचा वेळ मोजून दहानं भागायचं. लांबी चौपट केली तेव्हा वेळ दुप्पटच कसा झाला, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. शेवटची सात मिनिटं वही उघडून, अंदाज कुठे चुकला ते लिहिण्यासाठी. ही सात मिनिटं मी कशासाठीही सोडत नाही.

शिवण
मी शिक्षिका नाही, आई आहे. एकच विनंती: प्रकल्प घरी देऊ नका. घरी आला की तो आम्ही करतो, रात्री अकराला, आणि मुलगा शेजारी झोपलेला असतो. शाळेत केलेला वाकडा पूल त्यानं एकदा घरी आणला होता. एका कागदाच्या घड्या घालून २० सेंटीमीटरच्या फटीवर टाकायचा आणि किती वह्या तोलतो ते बघायचं. सपाट कागद एकही वही पेलत नव्हता, पंख्यासारख्या घड्या घातल्यावर तोच कागद उभा राहिला. कुठली घडी आधी वाकली ते त्यानं मला बोट ठेवून दाखवलं. तेवढ्या आत्मविश्वासानं तो कधी धडा सांगत नाही.

रंधा
पुलाला धरूनच. अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं दाखवलेलं काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं काम या वयाला उत्तम. ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरायचे आणि काड्यांचे आकार करायचे. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. हे बोटांना एकदा कळलं की मुलं रस्त्यावरचे मनोरे आणि छपरं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

खिडकीपाशी
सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलांची ऑर्डर थांबवली आहे. दोन शंका. गटात काम दिलं की एखादा धीट मुलगा हातोडी बळकावतो आणि बाकीचे, त्यातही मुली जास्त करून, "धरून ठेवण्याचं" काम करतात. हे मी आताच वर्गात बघते आहे. दुसरं, आवाज. शेजारी दहावीचा वर्ग आहे.

रंधा
पहिल्या शंकेसाठी माझ्याकडे नियम होता. प्रत्येक मुलानं एकट्यानं एक खिळा ठोकायचा, एक स्क्रू बसवायचा, एक पट्टी कापायची. मग त्याच्या नावाचं परवान्याचं कार्ड. गटातल्या सगळ्यांची कार्डं झाल्याशिवाय ट्रे सुरू होत नाही. मग धीट मुलगाच मागच्या मुलीला हातोडीचा दांडा टोकाशी कसा धरायचा ते शिकवतो, कारण त्याचं काम तिच्यामुळे अडलेलं असतं. आठवडा जातो, पण जाऊ द्या. नंतर कामं दर तासाला फिरती ठेवा: करणारा, मोजणारा, लिहिणारा, सामान सांभाळणारा.

आवाजासाठी टेबलाच्या पायांना रबरी बूच आणि ठोकायच्या जागी टेबलावर जाड रबराचा तुकडा. ठोकायचे तास दहावीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या. शंभर टक्के शांतता होणार नाही.

खिडकीपाशी
सहा आठवड्यांनी लिहिते आहे. खिडक्या दुरुस्त झाल्या, रॅक आणि वीस ट्रे आले, सहा टेबलं आली. भिंती पांढऱ्याच आहेत. परवान्यांना आठवडा नाही, दोन आठवडे लागले.

काल सूर्य मोजला. तीन गटांचं उत्तर १३ ते १५ लाखांत आलं, एका गटाचं १९ लाख. त्यांना मी चूक सांगितली नाही, फक्त अंतर पुन्हा मोजायला लावलं. त्यांनी आरशापासून न मोजता खिडकीपासून मोजलं होतं. जिनं ही चूक पकडली ती मुलगी जूनपासून वर्गात स्वतःहून एकदाही बोलली नव्हती. तिचं वाक्य आज पांढऱ्या भिंतीवर लागलं: "सूर्य मोठा नव्हता, आमची दोरी छोटी होती."

एक अडचण आहे. एका गटाचा पूल तीन आठवडे ट्रेमध्ये पडून आहे. पुढेही नेत नाहीत आणि मोडूही देत नाहीत. काय करू?

रंधा
वाक्य फार सुंदर आहे, मुलीला माझ्याकडून सांगा.

प्रत्येक ट्रेवर शेवटचा हात कधी लागला ती तारीख लिहायला लावा. दोन आठवडे उलटले की त्याच गटाला विचारायचं: पुढे नेणार, दुसऱ्या गटाला देणार, की फोटो काढून सुटा करणार? सुटा करायचं ठरलं तर त्यांनी स्वतःच्या हातानं करायचा, ते नसताना दुसऱ्या कोणी नाही. स्क्रू आणि खिळे वेगळ्या डब्यात, सरळ पट्ट्या रॅकच्या खालच्या खणात. वाकलेले खिळेही टाकू नका, ते ठोकून सरळ करणं हे नव्या मुलांच्या परवान्याचं पहिलं काम ठेवा.