गॅलरीतले कोच
"आईबाप ओरडले नाहीत तर पोरांत जिद्द कुठून येणार?" असं पोरांच्या मॅचबद्दल इथे कोणीतरी विचारलंय, त्यावर थोडं लिहितो. माझी मुलगी बॅडमिंटन खेळते, त्यामुळे नागपुरातल्या स्पर्धांत माझे बरेच रविवार गॅलरीत गेलेत.

मागे तेरा वर्षांखालच्या एका मॅचला शेजारचे काका प्रत्येक रॅलीत "बॅकहँडला टाक नं बे!" म्हणून ओरडत होते. पोरगा शटलकडे कमी अन् गॅलरीकडे जास्त पाहे. 18-17 ला त्याची सर्व्हिस नेटमध्ये गेली, तर काका रेलिंगवरून अर्धे बाहेर. अंपायर म्हणजे कॉलेजातली पोरगी, तिलाही चार शब्द ऐकवले. पोरगा बिचारा बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसला. नीट बांधलेली होती, मी पाहिली होती.

मुळात शटल खेळात असताना खेळाडूला सल्ला देता येत नाही, हा नियमच आहे. त्या काकांना कोणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही सांगितलं.

आणि जिद्दीचंच म्हणाल तर बुद्धिबळात पालकाला पटाजवळ उभं राहून चाल सुचवता येते का? तरी आपल्याच नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

मी आता मुलीलाच विचारून बसतो. तिनं मला मागच्या रांगेत, खांबाआड जागा दिली आहे. डबा अन् पाण्याची बाटली सांभाळायची, स्कोअर विचारायचा नाही. पहिल्या दोन मॅच फार जड गेल्या, भाऊ.