अनुभव धागा: तीन ते सहा वर्षांची पोरं आणि कागदाच्या घड्या

चिंगीची आई:
सुट्टी लागली, बाहेर ऊन मरणाचं, चिंगी पावणेचार वर्षांची. व्हिडीओ बघायला गेलं तर 'एकदम सोप्पं, लहान मुलांसाठी' म्हणत बेडूक दाखवतात आणि मधेच कागद असा काही आत दाबतात की मलाच मागे नेऊन परत परत बघावं लागतं. तर ज्यांनी खरंच एवढ्या लहान मुलांसोबत ओरिगामी केलंय त्यांनी लिहा ना. काय जमलं, गाडी कुठे अडली, कागद कुठला घेतला. लिंका नकोत, स्वतःचं सांगा.

बालवाडीताई:
बरीच वर्षं बालवाडी घेतेय म्हणून जरा लांबलचक लिहिते. पहिली गोष्ट, सुरुवात तिरक्या घडीने करा, म्हणजे समोसा. सगळ्यांना वाटतं मधोमध दुमडणं (आम्ही त्याला पुस्तक म्हणतो) सोपं, पण पुस्तकात दोन कोपरे एकाच वेळी जुळवावे लागतात आणि एक जुळवला की दुसरा सरकतो. समोशात एकच टोक दुसऱ्या एका टोकावर न्यायचं. त्या दोन टोकांना स्केचपेनने टिंब काढून द्यायचं, टिंबाला टिंब भेटलं की एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने इस्त्री. दाबून धरणं हेच खरं अवघड असतं बरं का, घडी नाही. दोन्ही हातांनी एकदम वेगवेगळं काम करायचं असतं ना.

समोसा आला की कुत्रा आलाच. लांब बाजू वर, टोक खाली. वरचे दोन्ही कोपरे जरा तिरके खाली पाडले की कान, खालचं टोक मागे दुमडलं की हनुवटी. डोळे-नाक पोरं काढतात. त्याच समोशाचं टोक वर ठेवून बाजूचे कोपरे वर घेतले, मधलं टोक खाली पाडलं आणि उलटं केलं की मांजर. माझ्या वर्गात कान कधीच सारखे येत नाहीत, एक कान उभा एक पडलेला, आणि मी ते सरळ करून देत नाही. मदतनीस ताई मागून येऊन हळूच नीट करायच्या, त्यांना बजावून ठेवलंय.

रिकामटेकडा:
आमच्याकडे वर्तमानपत्राची टोपी चालते, बाकी काही नाही. एकच पान घ्यायचं, जोडपान घेतलंत तर टोपी पोराच्या खांद्यावर येऊन बसते. पेपर टाकणाऱ्याने मधे आडवी घडी घातलेलीच असते, त्यामुळे पहिली पायरी आयती. घडी वरच्या बाजूला ठेवा, दोन्ही कोपरे मधे आणा, खाली उरलेल्या पट्ट्या एक इकडून एक तिकडून वर. सैल झाली तर पट्टी दोनदा दुमडा. कागद मोठा असल्यामुळे पोरगं अक्षरशः त्यावर गुडघे टेकून बसतं आणि अख्ख्या तळहाताने घडी घालतं, बारीक बोटांची कटकटच नाही.

पुढे होडी करायची तर टोपीचं तोंड उघडून चौकोन करायची जी पायरी आहे ना, तिथे पाच वर्षांचं पोरही अडतं. ती मी करतो. शेवटी दोन टोकं धरून ओढायचं आणि होडी उघडायची ते त्याचं काम, त्यात हात लावला तर घर डोक्यावर घेतो. पावसाळ्यात होडीला वर्तमानपत्र नको, लगेच भिजून बसतं, जाहिरातींची गुळगुळीत पत्रकं जास्त टिकतात.

शंकासुर:
सगळं छान पण आमच्याकडे कागद हातात आला की फाडणे हा एकच कार्यक्रम. वय वर्षं तीन. त्याला ओरिगामी म्हणायचं का?

बालवाडीताई:
@शंकासुर, फाडू द्या की! आम्ही पहिले काही महिने तेच करतो, फाडणे, चोळामोळा करून चेंडू, मग लांब पट्ट्या फाडणे. चार-साडेचारला घडीकडे वळेल. जबरदस्तीने बसवलंत तर कागद बघून पळेल.

टोकियोतून:
आम्ही इथे जपानमध्ये असतो, मुलगी इथल्या पाळणाघर-कम-बालवाडीत जाते, होइकुएन म्हणतात त्याला. मला आधी वाटायचं की इथली पोरं जन्मतःच क्रौंच पक्षी वगैरे करत असतील, तर अजिबात नाही, क्रौंच लहान मुलांना अवघडच आहे. छोट्या वर्गातून घरी येतं ते ट्यूलिप, कुत्रा, मासा, तेच समोशाचे प्रकार. ५ मेला मुलांचा दिवस असतो तेव्हा काबुतो, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, मोठ्या वर्तमानपत्राचं करून डोक्यावर घालतात, वर रिकामटेकडा यांची टोपी वाचून तेच आठवलं. ११ नोव्हेंबर हा इथे ओरिगामी दिवस, कारण ११/११ मधले चारही 'एक' जोडले की चौकोनाच्या चार बाजू! कागद नेहमीचा १५ सेंटिमीटरचा, कुठल्याही शंभर येनच्या दुकानात मिळतो. बहुतेक एका बाजूने पांढरा असतो, त्यामुळे "पांढरं वर ठेव" एवढं सांगितलं तरी निम्मं भांडण मिटतं.

अजून एक, मी समजत होते हे सगळं अस्सल जपानी. तर नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये जी बालशाळा काढली त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या होत्याच, आणि टोकियोत १८७६ साली पहिली सरकारी बालवाडी निघाली ती फ्रोबेलच्याच धर्तीवर. म्हणजे इथे घड्यांची स्वतःची परंपरा होतीच, शाळेत मात्र जर्मन वळणाने शिरल्या म्हणायचं.

डावऱ्याचा बाप:
मुलगा डावखुरा, मी उजवा. शेजारी बसून दाखवायचो तर तो माझं बघून सगळं उलटसुलट करायचा आणि चिडायचा. मग समोरासमोर बसायला लागलो, आरशासारखं, माझा उजवा तिकडे त्याचा डावा. तेव्हापासून निवांत. पण मूल उजवं असेल आणि तुम्हीही उजवे तर मात्र शेजारीच बसा, समोर नको.

कोकणी आजी:
माझा नातू परदेशात, व्हिडीओ कॉलवर शिकवते. कागदाचा पेला. समोसा करून लांब बाजू खाली ठेवायची, उजवा कोपरा समोरच्या तिरक्या बाजूवर आणायचा, डावा दुसरीकडे, वर दोन टोकं उरतात त्यातलं एक पुढे एक मागे पाडायचं. तो तिकडे, मी इकडे, आणि शेवटी दोघं आपापल्या पेल्यात चुरमुरे घालून खातो. खाण्याच्या आशेनेच शिकला तो, कलेच्या नव्हे. फक्त खाऊसाठी साधा कोरा कागद घ्या हो, छापील नको, शाई लागते. अन्न सुरक्षावाल्यांनीही पेपरात खाऊ बांधू नका सांगितलेलंच आहे.

स्टेशनरीवेडी:
कागदावर मी बोलणार! शाळेचा घोटीव कागद स्वस्त आणि एका बाजूने पांढरा, म्हणून मस्त, पण घामट हातांना रंग लागतो, पांढऱ्या फ्रॉकवर नको. कार्डपेपर चुकूनही घेऊ नका, जाड घडी बसत नाही आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. घरातले एका बाजूने वापरलेले ए-फोर उत्तम. त्यातून २१ सेंटिमीटरचा चौकोन निघतो, छोट्या हातांना १५ पेक्षा बरा, आणि उरलेल्या पावणेनऊ सेंटिमीटरच्या पट्टीचा पुढे-मागे पुढे-मागे करून पंखा. पण चौकोन आपण नीट कापून द्या. चौकोन वाकडा असेल तर टोकाला टोक कध्धीच जुळत नाही आणि पोरगं बिचारं जुळवत बसतं.

पुणेकर नंबर दोन:
मराठीत साहित्य हवं असेल तर अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळण्यांची ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, त्यात घड्यांचंही बरंच. अनिल अवचटांचं ओरिगामीचं वेड तर सगळ्यांना माहीत आहे. बाकी चिंगी पावणेचारची असेल तर दोन-तीन घड्यांच्या वर जाऊच नका, बेडूक पहिली-दुसरीत.

शंकासुर:
बरं, एक प्रॅक्टिकल प्रश्न. शेजारची मोठी मुलगी येऊन आमच्याकडे रोज कुत्रे करते, घरभर कुत्रे झालेत, टाकले तर आमचा रडतो. त्यांचं काय करता?

बालवाडीताई:
कानांमधून सुईदोरा ओवा, दाराला तोरण. किंवा हनुवटीची घडी थोडी उघडून आत बोट घाला, बोटावर बसतो कुत्रा, भुंकतो पण. आमच्याकडे शुक्रवारी ज्याचे त्याला घरी पाठवतो, मग ती डोकेदुखी आईबापांची :)