मोटारहोमसाठी मुंबईत रात्रीचा थांबा असावा का?

पार्लेकर
गेल्या डिसेंबरात मेव्हण्याच्या मोटारहोममधून, म्हणजे आतच झोपण्याची आणि संडासाची सोय असलेल्या गाडीतून, आम्ही चौघे कच्छला जाऊन आलो. साऱ्या प्रवासात रात्र काढायला जागा मिळाली नाही ती फक्त आमच्याच शहरात. गाडीची उंची जवळपास तीन मीटर असल्यामुळे सोसायटीची कमान आडवी आली, आणि तळघरातील वाहनतळाचा तर प्रश्नच नव्हता. अखेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपलो, तर रात्री दोनला काचेवर काठी वाजली. राज्य शासनाने २०२१ मध्ये अशा राहत्या गाड्यांसाठी कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यातील कॅरव्हॅन पार्कची कल्पना चांगली असली, तरी ती मुख्यतः निसर्गरम्य ठिकाणी सुटी घालवणाऱ्यांसाठी आहे. शहरात येणाऱ्याला एका रात्रीपुरती सपाट जागा, पाण्याचा नळ, विजेचा प्लग आणि संडासाची टाकी रिकामी करण्याची सोय एवढेच लागते. फ्रान्समध्ये लहान गावांच्या नगरपालिकाही असे थांबे चालवतात. खांबावरच्या यंत्रात पैसे भरले की ठरावीक पाणी मिळते. २०१७ मध्ये जकात बंद झाली. त्यामुळे दहिसर आणि मुलुंड येथील जकात नाक्यांच्या जागांवर जे काही उभे राहील, त्यात अशा दहा गाड्यांची सोय धरावी, असे माझे मत आहे.

लालबागवाली
पार्लेकर, आपली रात्र वाईट गेली हे मान्य, पण मागणी पटत नाही. आमच्या चाळीत पाणी पहाटे येते आणि दोन तासांत जाते. आपल्या गाडीची टाकी शंभर लिटरची धरली, तरी ते सहा-सात हंडे झाले. ज्यांना हौसेखातर घर चाकांवर फिरवणे परवडते, त्यांनी हॉटेलची एक खोली घेतली तर शहराचे काय बिघडेल?

वडाळ्याचा वाहतूकदार
माझ्या ट्रकचे चालक वर्षानुवर्षे केबिनमध्येच झोपतात आणि सकाळी बाटली घेऊन आडोसा शोधतात. त्यांच्यासाठी कोणी चर्चा काढल्याचे आठवत नाही. नळ, संडास आणि दिवा दोघांनाही लागतो. थांबा करायचाच असेल तर तो सर्वांसाठी करा. केवळ पर्यटकांसाठी कुंपण घातलेत तर माझा विरोध राहील.

निवृत्त अभियंता
चर्चा जागेवर आणि पाण्यावर अडली आहे, खरी अडचण मैल्याची आहे. या गाड्यांतील संडासाची कॅसेट म्हणजे साधारण वीस लिटरची बंद पेटी. सोय नसली की चालक ती अंधारात रस्त्याकडेच्या जाळीत ओततो. मुंबईत पावसाळी गटारे आणि मलवाहिन्या वेगळ्या आहेत. जाळीतून गेलेले पाणी प्रक्रिया केंद्राकडे जात नाही, ते नाल्यातून सरळ खाडीला किंवा समुद्राला मिळते. सार्वजनिक शौचालयात ओतावे, तर ते कोठे जोडलेले आहे हे पाहावे लागते. तेथे सेप्टिक टँक असेल तर कॅसेटमधील जंतुनाशक निळे रसायन टाकीतील उपयुक्त जिवाणूंनाच मारते आणि टाकी लवकर तुंबते. म्हणून मलवाहिनीला थेट जोडलेला, झाकणाचा आणि धुण्यासाठी वेगळा नळ असलेला एक खड्डा तरी हवाच. त्याला पिण्याचे पाणी लागत नाही, प्रक्रिया केलेले पाणी पुरते. हा खर्च पर्यटकांच्या चैनीसाठी नव्हे, ताई, तो आपल्याच नाल्यासाठी आहे.

पार्लेकर
कबूल करतो, मनोरजवळ एका पेट्रोल पंपावर आम्हीही ती कॅसेट शौचालयात रिकामी केली होती. विचारले नव्हते. त्या पंपाची टाकी कशी होती हे आज प्रथमच मनात आले. वाहतूकदारांचा मुद्दाही मला मान्य आहे: खड्डा, नळ आणि स्नानगृहे सामायिक ठेवून मोटारहोमकडून रात्रीचे हजार रुपये घ्यावेत, आणि चालकांना ती सोय मोफत द्यावी.

लालबागवाली
हजार रुपये कोण वसूल करणार, हेही लिहा. आमच्या गल्लीतल्या पे अँड पार्कचा ठेकेदार पावती न देता पैसे घेतो. तुमच्या थांब्यावरही तोच उभा राहिला तर चालकांची मोफत सोय पहिल्याच महिन्यात बंद होईल. खड्ड्याचे मात्र अभियंतासाहेबांचे म्हणणे पटले. तो करा, पण दहा गाड्यांची जागा अजून मला मंजूर नाही.

वडाळ्याचा वाहतूकदार
वसुलीला आमच्यातलाच एखादा निवृत्त चालक बसवा. गाडीत झोपणाऱ्याची अडचण त्याला सांगावी लागणार नाही.